वर फेकलेल्या चेंडूचं त्वरण टोकाला शून्य होतं का?

शिवणकाम_खानापूर

सगळ्यांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यात जांबोटीच्या अलीकडे एका खेड्यात राहते. घरची भातशेती आहे, आणि मी शिवणकाम करते. माझं शिक्षण एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमातून. प्रश्न माझ्या मुलीच्या पेपरातला आहे, पण गेले चार दिवस तो माझ्याच डोक्यात फिरतोय.

मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. विज्ञानात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. आता बेळगावात पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला आहे. सकाळच्या पहिल्या बसने जाते, दिवेलागणीला परत येते. तिथं सगळं इंग्रजीतून. शब्द कळायलाच तिचा निम्मा तास जातो.

परवाच्या चाचणीत प्रश्न होता: चेंडू जमिनीशी ३० अंशांचा कोन करून २० मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला, तर सर्वांत उंच ठिकाणी त्याचा वेग किती आणि त्वरण किती? तिनं दोन्हीकडे शून्य लिहिलं. दोन्ही चूक. घरी आली ती न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तू शून्य कशावरून लिहिलंस? ती म्हणाली, "आई, नववीत आपण शिकलो की वेग वाढतो तेव्हा त्वरण आणि वेग कमी होतो तेव्हा मंदन. चेंडू वर जाताना मंदन आहे. खाली येताना त्वरण आहे. एकातून दुसऱ्यात जायचं तर मधे कुठंतरी शून्य व्हायलाच पाहिजे ना?" मला तर ते पटलं. शिलाई मशीनचं चाक उलटं फिरवायचं तर आधी ते थांबवावं लागतं, रोज माझ्या हाताखालून जाणारी गोष्ट आहे ती.

आमचे मामंजी ओसरीवर बसून ऐकत होते. भात पोटरीला आलं की वानरं येतात, आणि मामंजींची गोफण अजून चुकत नाही. पंचाहत्तरी ओलांडली तरी बांधावर उभे राहतात. ते म्हणाले, "दगडाला हातानं दम दिलेला असतो. दम असेपर्यंत सरळ जातो. दम संपला की पडतो." म्हणजे त्यांच्या हिशेबानं वर जाताना खाली ओढणारं काही नाहीच. दम संपल्यावर मग पडणं सुरू.

घरात अशी दोन मतं झाली आणि तिसरं उत्तरपत्रिकेत, तांबड्या शाईत: वेग १७.३ आडवा, त्वरण ९.८ खाली. एवढंच. का, ते लिहिलेलं नाही.

मला ते का हवंय. चेंडू टोकाला क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, तरी त्वरण कसं राहतं? तिरका फेकला तर पृथ्वीची ओढ तिरकी होते का, कमी होते का? आणि मामंजी आयुष्यभर दगड फेकत आले, त्यांना दिसतं ते खोटं आहे का? कुणीतरी मराठीत, तिला वाचून दाखवता येईल असं सांगा. मला आकडेमोड येते, सूत्र मांडून दिलं तर मी करू शकते.

निवृत्त_मास्तर_बेळगाव

ताई, मी तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. मराठी शाळेतून आलेली मुलं याच ठिकाणी अडखळताना दरवर्षी पाहिली. तुमच्या मुलीनं विचार केला म्हणून ती अडखळली, हे आधी तिला सांगा.

घोटाळा 'मंदन' या शब्दात आहे. तो शब्द ऐकला की वाटतं, त्वरण आणि मंदन या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एक बंद होते आणि दुसरी चालू होते. तसं नाही. त्वरण म्हणजे वेगात दर सेकंदाला होणारा बदल, आणि त्या बदलाला दिशा असते. चेंडूच्या बाबतीत ती दिशा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे: खाली. चेंडू वर चाललाय म्हणून आपण त्या खालच्या बदलाला मंदन म्हणतो. चेंडू खाली निघाला की त्याच बदलाला त्वरण म्हणतो. नाव आपण बदललं, ओढ होती तशीच आहे. उलटतो तो वेग. त्वरण उलटतच नाही, त्यामुळे त्याला शून्यातून जावं लागत नाही. मशीनच्या चाकाचं तुम्ही म्हणता तेही तसंच बघा. चाक थांबलं त्या क्षणीही तुमचा हात त्याला उलट्या बाजूला लोटतच असतो, म्हणून तर ते उलटं फिरायला लागतं.

आता त्याच प्रश्नातले आकडे घेऊ. ३० अंशांवर २० मीटरचा वेग म्हणजे वरच्या दिशेनं १० आणि आडव्या दिशेनं १७.३. वरच्या दिशेला अधिक म्हणू आणि दर सेकंदाला ९.८ वजा करत जाऊ. फेकताना १०. अर्ध्या सेकंदानं ५.१. एका सेकंदानं ०.२. दीड सेकंदानं उणे ४.७. दोन सेकंदांनी उणे ९.६. मुलीला विचारा, या वजाबाकीत तू कुठं थांबलीस? १.०२ सेकंदाला आकडा शून्यावरून गेला, पण वजाबाकी चालूच होती. त्या क्षणी ती थांबली असती, तर पुढचा आकडाही शून्य, त्याच्या पुढचाही शून्य. सरळ वर फेकलेला चेंडू हवेत लटकून राहिला असता, आणि हा तिरका फेकलेला चेंडू जमिनीपासून ५.१ मीटरवरून सरळ आडवा जात राहिला असता. चेंडू खाली येतो, यातच टोकाला त्वरण असल्याचा पुरावा आहे.

आडवा वेग १७.३ का राहतो? कारण पृथ्वी आडवी ओढत नाही. ती फक्त खाली ओढते. हवेचा अडथळा सोडला तर आडव्या वेगातून वजा करणारं कुणीच नाही. म्हणून टोकाला वेगही शून्य नव्हता, फक्त त्याचा उभा भाग शून्य होता. तिचं पहिलं शून्य तिथं चुकलं.

तिरकं फेकल्यानं ओढ कमी होत नाही. चेंडू कुठं चाललाय, किती जोरात चाललाय, हे पृथ्वीला विचारावं लागत नाही. ती चेंडूच्या वस्तुमानाला ओढते, आणि ते सगळ्या वाटेवर तेवढंच असतं. जड दगडाला ती जास्त ओढते खरी, पण जड दगड हलायलाही तेवढाच जड, म्हणून दोघांचं त्वरण एकच निघतं. उंचीनं फरक पडतो, पण पाच मीटरनं पडणारा फरक पाचव्या दशांश स्थळावर जातो. आपल्या बेळगावचं गुरुत्वत्वरण ९.७८ च्या आसपास आहे. विषुववृत्तापासून आपण फार लांब नाही, आणि समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहोत, म्हणून पुस्तकातल्या ९.८१ पेक्षा जरा कमी.

एक करून बघा. भिंतीवर दर १० सेंटीमीटरला आडव्या रेघा मारा. भिंतीसमोर चेंडू तिरका उडवा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दर तिसरं चित्र ०.१ सेकंदानं येतं. त्या त्या चित्रात चेंडू कुठल्या रेघेशी आहे ते लिहून काढा. प्रत्येक ०.१ सेकंदातली चाल काढा, आणि मग दोन शेजारच्या चालींमधला फरक काढा. तो फरक टोकाजवळ काय येतो, एवढंच तिनं बघायचं. कॅमेरा हलता कामा नये.

मॉर्टरवाला_बेळगाव

ताई, तुमच्या मामंजींना माझा रामराम सांगा. मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, बरीच वर्षं ८१ मिलिमीटर मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर. शाळा मी फार शिकलो नाही, पण गोळा कुठं पडतो ते शिकलोय.

दम म्हणतात ते आम्हालाही आधी तसंच वाटायचं. पण बघा, दम संपून गोळा पडत असता तर तो नळीच्या रोखानं सरळ गेला असता, आणि दम संपला की तिथनं सरळ खाली आला असता. तसं होत नाही. वर जाताना जशी कमान, जवळपास तशीच उतरताना. नळीतनं बाहेर पडला त्या घडीपासनंच तो वाकायला लागतो, टोकाला जाऊन नाही. दिसत नाही कारण सुरवातीला वेग जास्त असतो.

आणि एक. मॉर्टरची नळी ४५ अंशांच्या वरच असते. जास्त उभी केली की गोळा जास्त उंच जातो, जास्त वेळ वर राहतो, पण पडतो जवळ. तितकाच बार, तरी जवळ. का, तर सगळा जोर वर चढण्यात गेला, आडवं जायला कमी उरला. हवेत किती वेळ राहणार ते वरचा वेग ठरवतो. तेवढ्या वेळात किती लांब जाणार ते आडवा वेग ठरवतो. ही दोन कामं वेगळी आहेत हे डोक्यात बसलं की पोरीला सगळं सोपं जाईल. आम्हाला हे वहीवर कुणी शिकवलं नव्हतं, रेंजवर कळलं.

गोकाककर_पुण्यात

मास्तरांनी चेंडू घेतला. माझ्या डोक्यात हे पहिल्यांदा शिरलं ते आमच्या धबधब्यावर, म्हणून तेही लिहितो.

गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर उंच आहे. घटप्रभा काठापर्यंत आडवी वाहत येते आणि तिथून खाली पडते. काठावर असताना पाण्याला खालच्या दिशेचा वेग नसतो, फक्त आडवा वेग असतो. आता तुमच्या मुलीचा चेंडू टोकाला असताना आठवा. उभा वेग शून्य, फक्त आडवा वेग. म्हणजे धबधब्याचा काठ आणि चेंडूचं टोक ही एकच अवस्था आहे! टोकाला त्वरण शून्य असेल तर काठावरच्या पाण्याचंही शून्य असणार, आणि मग नदीनं काठ सोडून समोर हवेतून तसंच आडवं वाहत जायला पाहिजे. लहानपणी हे कुणी मला असं सांगितलं असतं तर माझे बरेच दिवस वाचले असते.

आकडे करायचे तर: ५२ मीटर पडायला वेळ काढायचा. अंतर म्हणजे अर्धा गुणिले ९.८ गुणिले वेळेचा वर्ग. त्यावरून वेळ साधारण ३.२६ सेकंद. काठावर पाण्याचा आडवा वेग १ मीटर असेल तर ते काठापासून सव्वातीन मीटरवर पडेल. पावसाळ्यात तोच वेग ३ मीटर झाला तर जवळपास १० मीटरवर. दोन्ही वेळा पडायला लागणारा वेळ मात्र तोच, कारण उंची तीच. खरं पाणी इतक्या उंचीवरून पडताना फुटतं, तुषार होतात आणि हवा त्यांना अडवते, त्यामुळे खाली हिशेब बिघडतो. पण काठाजवळचे पहिले काही मीटर बघा. उन्हाळ्यात पाणी कड्याला चिकटून उतरतं, आणि ऑगस्टमध्ये तेच पाणी कडा सोडून लांब कमान घेतं.

शिवणकाम_खानापूर

मास्तर, रविवारी केलं. सविस्तर लिहिते, कारण एक आकडा जुळेना.

गोठ्याची भिंत गिलावा करून चुना दिलेली आहे. माझ्या शिवणाच्या टेपनं आणि कापडावर खुणा करायच्या निळ्या खडूनं दर १० सेंटीमीटरला रेघ मारली, जमिनीपासून २२० पर्यंत. उभ्या रेघाही मारल्या, आडवी चाल बघायला. टेप १५० सेंटीमीटरची, ती चार वेळा टाकून भिंतीपासून ६ मीटर मोजले आणि तिथं स्टुलावर पाटा ठेवून त्याला मोबाइल टेकवला. मुलगी भिंतीच्या कडेनं चेंडू तिरका उडवायची, मी व्हिडिओ काढायचे. मामंजी खाट बाहेर ओढून बसले होते. अकरा वेळा उडवला, त्यातला एक चांगला आला.

दर तिसऱ्या चित्रात चेंडूची उंची, सेंटीमीटरमध्ये: १२०, १५७, १८३, १९९, २०४, १९८, १८१, १५४, ११६. रेघांच्या मधला आकडा अंदाजानं घेतलाय, एखादा इकडेतिकडे होईल.

चाल काढली: वर ३७, २६, १६, ५. मग खाली ६, १७, २७, ३८. खालच्या चालीला उणे धरून फरक काढले: ११, १०, ११, ११, ११, १०, ११.

मुलीनं हे वहीत लिहिलं आणि चौथ्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिली. अधिक ५ वरून उणे ६, तिथं फरक ११. टोक बरोबर त्याच्या मधे आहे. बाकीच्या ठिकाणी ११, १० आणि टोकालाही ११. ती म्हणाली, "आई, याला टोक आलं हे कळलंच नाही." मी ते वाक्य तसंच लिहिते, कारण तेव्हा मलाही सगळं समजलं.

आडवी चाल प्रत्येक वेळी १६ किंवा १७. वर जाताना, टोकाला, खाली येताना, कुठंही कमी झालेली नाही.

आता अडचण. मास्तरांच्या हिशेबानं फरक ९.८ यायला हवा. दर सेकंदाला ९.८ मीटर म्हणजे ०.१ सेकंदाच्या चालीत ९.८ सेंटीमीटरचा फरक, इथपर्यंत आम्ही लावलं. आमच्या सात फरकांची बेरीज ७५, सरासरी १०.७. एक-दोन ठिकाणी चूक असती तर काही कमी काही जास्त आले असते. हे सगळेच जास्त आहेत, ९.८ च्या खाली एकही नाही. टेप मी दुसऱ्या टेपशी लावून पाहिली, बरोबर आहे. मग कुठं चुकलं?

गोकाककर_पुण्यात

ताई, चेंडू भिंतीपासून किती लांब उडत होता?

शिवणकाम_खानापूर

हातभर. भिंतीला लागू नये म्हणून मुलगी जरा बाहेर उभी होती. अर्धा मीटर धरा.

गोकाककर_पुण्यात

मग चूक तिथंच आहे, आणि ती तुमच्या मोजण्यातली नाही.

मोबाइल भिंतीपासून ६ मीटरवर, चेंडूपासून साडेपाच मीटरवर. चेंडू मोबाइलला जवळ आहे, म्हणून त्याची चाल मागच्या भिंतीवर मोठी दिसते, दिव्यासमोर हात धरला की भिंतीवर सावली मोठी पडते तशी. किती मोठी, तर ६ भागिले ५.५ इतक्या पट. म्हणून तुमचे १०.७ आधी ५.५ ने गुणा आणि ६ ने भागा.

शिवणकाम_खानापूर

९.८. दोनदा केलं, ९.८ च येतंय.

संध्याकाळी पुन्हा उडवला, या वेळी भिंतीपासून वीतभर. फरकांची बेरीज ७२ आली, सरासरी १०.३. वीत २० सेंटीमीटर धरून ५.८ ने गुणून ६ ने भागलं तर ९.९. मुलीनं भिंतीवरच्या चुन्यावर तारीख घालून दोन्ही आकडे लिहून ठेवलेत. पुढच्या वर्षी चुना द्यायचा झाला तर तेवढा भाग सोडायचा म्हणते.

निवृत्त_मास्तर_बेळगाव

ताई, ही वही जपून ठेवा. मी वर्गात इतक्या वर्षांत इतकं स्वच्छ मोजमाप फार थोड्या मुलांकडून पाहिलं.

तुमच्या आकड्यांत अजून एक गोष्ट आहे, ती मुलीला दाखवा. टोकापासून मोजत गेलं तर एका बाजूला ५, १६, २६, ३७ आणि दुसऱ्या बाजूला ६, १७, २७, ३८. दोन्हींची सरासरी घ्या: साडेपाच, साडेसोळा, साडेसव्वीस, साडेसदतीस. याला पहिल्या चालीनं भागत बसू नका, पहिली चाल लहान आहे, तिच्यात अर्ध्या सेंटीमीटरची चूकही मोठी ठरते. शेवटच्या चालीला ७ नं भागा. साधारण ५.४ येतं. आता ५.४ ची १ पट, ३ पट, ५ पट आणि ७ पट करून बघा: ५.४, १६.२, २७, ३७.८. प्रत्येक ठिकाणी अर्ध्या-पाऊण सेंटीमीटरच्या आत जुळतं. सारख्या वेळात पडणारी अंतरं १, ३, ५, ७ या विषम संख्यांच्या प्रमाणात वाढतात, हे गॅलिलिओनं शोधलं. त्याच्याकडे इतकं बारीक मोजणारं घड्याळ नव्हतं. म्हणून त्यानं उतरत्या फळीवरून गोळे सोडून पडणं संथ केलं, आणि भांड्यातून गळणारं पाणी तोलून वेळ मोजली. फेकलेल्या वस्तूची वाट अन्वस्त असते, म्हणजे तुमच्या इंग्रजी पुस्तकातला पॅराबोला, हे त्यानं १६३८ साली छापलेल्या पुस्तकात मांडलं. गोठ्याच्या भिंतीवर तुम्हा मायलेकींना तेच प्रमाण मिळालं.

पीयूसी_निपाणी

सर, मी पण फर्स्ट इयरला आहे. मला एक शंका. गुळगुळीत उतारावर ठेवलेल्या ठोकळ्याचं त्वरण जी साइन थीटा, म्हणजे ९.८ गुणिले उताराच्या कोनाचं साइन, असतं ना? ३० अंशांचं साइन अर्धा. मग ३० अंशांवर फेकलेल्या चेंडूचं त्वरण ९.८ चं निम्मं, म्हणजे ४.९ का नाही? मी परीक्षेत तसंच लिहिलंय.

निवृत्त_मास्तर_बेळगाव

बाळ, उतारावरच्या ठोकळ्याला पृथ्वी पूर्ण ९.८ नंच ओढते. पण त्याच्याखाली फळी आहे, आणि फळी त्याला स्वतःशी काटकोनात वर रेटते. फळीच्या रेट्यानं ओढीचा काही भाग निकामी होतो, आणि उताराच्या दिशेनं निम्मा उरतो. हवेतल्या चेंडूखाली फळी कुठं आहे? हातातून सुटल्यावर त्याला रेटणारं कुणी नाही, म्हणून पूर्ण ९.८, आणि तेही सरळ खाली.

फेकण्याचा ३० अंशांचा कोन सुरुवातीच्या वेगाचा आहे. त्या वेगाचे आडवा आणि उभा असे दोन भाग करायला तो वापरायचा, आणि मग विसरायचा. साइन कुठं आलं की कशाचा कोन आणि कोण रेटतंय, हे आधी कागदावर चित्र काढून बघ. आकडे त्यानंतर.

शिवणकाम_खानापूर

शेवटचं लिहिते. मामंजींचं राहिलं होतं.

त्यांना मी व्हिडिओ एक एक चित्र थांबवून दाखवला. मॉर्टरवाल्या दादांचं वाचूनही दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, दगडाचं तुम्ही म्हणता ते असेल, पण ढेकळाचं तसं नाही. दगड मिळाला नाही की ते गोफणीत मातीचं ढेकूळ घालतात. ढेकूळ वर जाताना लांब पल्ला घेतं आणि मग एकदम उभंच खाली येतं, त्याची कमान दोन्हीकडून सारखी नसते. हे त्यांनी हजारदा पाहिलंय. मी म्हटलं, मास्तरांना विचारते.

निवृत्त_मास्तर_बेळगाव

ताई, मामंजी बरोबर सांगतायत. मी हवा सोडून हिशेब केला होता. ढेकळाच्या बाबतीत ती सोडता येत नाही.

हवा नेहमी वेगाच्या उलट्या दिशेनं अडवते. ढेकूळ त्याच आकाराच्या दगडापेक्षा हलकं आणि खडबडीत, त्यामुळे हवेची अडवणूक त्याला जास्त बाधते. त्याचा आडवा वेग वाटेतच कमी होत जातो, म्हणून दुसऱ्या अर्ध्या वाटेत ते कमी लांब जातं आणि जास्त उभं उतरतं. त्याचं टोकही वाटेच्या मध्यावर नसतं, पडण्याच्या जागेच्या बाजूला सरकलेलं असतं. मामंजी ज्याला दम म्हणतात, तो हा आडवा वेग. ढेकळाच्या बाबतीत तो खरंच संपत येतो, पण तो हवेमुळे संपतो. खाली ओढणारी ओढ मात्र ढेकळालाही पहिल्यापासून तेवढीच असते. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरानं चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडलं. तिथं हवा नाही, दोन्ही एकदमच खाली पोचली. चंद्राची ओढ आपल्या सहाव्या हिश्श्याइतकी, १.६२, त्यामुळे ती पडताना दिसतातही सावकाश.

भिंतीजवळ ढेकळाचा फरक दिसणार नाही, तिथं वेग फार कमी आहे. गोफणीनंच फेकावं लागेल, आणि मोबाइल बराच लांब, बाजूला ठेवावा लागेल. समोर माणूस, गुरं कुणी नाही याची खात्री करूनच.

शिवणकाम_खानापूर

सर, कापणी झाली की खालचं शेत मोकळं होईल. पलीकडे नुसता माळ आहे, गुरं तिकडं सोडत नाहीत. मामंजी कालपासून नवी गोफण वळतायत. मुलगी दगड आणि ढेकळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वेगवेगळ्या पिशव्यांत भरतेय.